राक्षसिणीचा डावा डोळा

राक्षसिणीच्या तोंडातून धबधबा पडत होता, तो ठरल्याप्रमाणे. पण तिच्या डाव्या डोळ्यातूनही पाणी ओघळत होतं आणि ते कुणीच ठरवलं नव्हतं.

म्हातारे नळवाले वायसरमामा शिडीवर चढून तिच्या दगडी डोक्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपडत होते. डोळ्यामागचा जोड रडत होता. नळवाल्यांच्या बोलीत जोड गळत नाही, रडतो. आणि रडका जोड मामांनी पन्नास वर्षांत कुणाच्या दारी ठेवला नव्हता.

खाली दोरीपलीकडे पोरांची ही झुंबड! बाग अर्ध्या तासात उघडायची होती. बाकीची कारंजी शहाण्यासारखी चालली होती. हत्ती चूळ भरत होता, बेडूक पिचकाऱ्या मारत होता. सगळी मंडळी वाचनालयाच्या बाईंनी लिहिलेल्या गोष्टींतली. पण पोरं आली होती ती राक्षसिणीसाठी. गावाचं सगळं पाणी गिळून बसलेली आणि शेवटी एके दिवशी सोडून देणारी ती.

“या वयात शिडी झेपेल का म्हाताऱ्याला?” असं सगळे म्हणाले, तेव्हा काम मामांनाच द्यायचं यावर बाईच ठाम राहिल्या होत्या. त्या माउलीचा शब्द आज पाण्यात जाणार, या धास्तीने मामा आणखी घाईने चाचपडू लागले. देवा, माझी लाज गेली तर गेली, बाईंची राख रे बाबा.

“मामा, काय झालं हो?” बाईंनी खालून विचारलं.

“डावीकडून रडतंय, बाई! पाच मिनिटं द्या, बंद करतो.”

पोरं माना उंच करून बघू लागली. मग पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी ओरडली, “म्हणून सोडलं तिने पाणी! तिला गावाचं वाईट वाटलं!”

बाई मटकन कट्ट्यावर बसल्या. वीस वर्षं दरेक पोर त्यांना हेच विचारत आलं होतं, राक्षसिणीने पाणी का सोडलं? आणि दरेकाला त्या म्हणत आल्या होत्या, “सोडलं बुवा. संपली गोष्ट, पळा घरी.” कारण उत्तर त्यांनाच ठाऊक नव्हतं.

मामांनी जोडाला गुंडाळायचा, सफेदा माखलेला दोरा दाखवला. “चुकलो, बाई. आत्ता आवळतो.”

“खबरदार हात लावाल तर!” बाई हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. “माझी गोष्ट अर्धीच होती हो, मामा. देवाने तुमच्या हातून पुरी करून घेतली.”

मामांनी शिडीवरूनच आभाळाला हात जोडले. उतरायला वळले, तोच खालून चिमुरडीचा आवाज आला.

“पण आजोबा, एकाच डोळ्याने कोण रडतं?”

मामा थबकले. मग पुन्हा वर चढले, उजव्या डोळ्यामागच्या जोडाला पाना लावला आणि हयातीत पहिल्यांदाच जोड रडवायला तो उलटा फिरवला.