होमपेजवरचा झोपाळा

थापा मारण्यात माझा हात धरणारा बडोद्यात कुणी नाही. पण ही थाप नव्हे.

माझी बायको सुहासिनी गेल्यावर मी तिच्या पाककृतींचा ब्लॉग काढला. नात अवंती म्हणाली, "आजोबा, होमपेजवर गर्दी नको. एक फोटो, एक ओळ, बास."

मी गॅलरीतल्या रिकाम्या झोपाळ्याचा फोटो लावला. खाली लिहिलं, 'या, बसा.'

दुसऱ्या दिवशी फोटोतला झोपाळा पुढे आला होता. तिसऱ्या दिवशी मागे.

"आजोबा, फोटो सारखा का बदलता?"

"अगं, मला पासवर्ड तरी आठवतो का?"

आज झोपाळा थांबलाय. डावीकडे कललाय, ती बसायची तसा. उजवीकडची माझी उशी कुणीतरी थोपटून ठेवली आहे.

अवंती घाबरून म्हणाली, "काढून टाकू या हा फोटो."

म्हटलं, "थांब. आधी जरा बसून येतो."