हुकाची मान

"लोखंड माझ्यापासून काहीही लपवू शकत नाही!" अशी गर्जना करून दाजी क्रेनच्या हुकाला टांगलेल्या पाळण्यात चढले आणि स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडखळले. वर जाऊन ते कारखान्याच्या तुळया दिव्याने तापवायचे आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहायचे; आत भेग असली की पडद्यावर पांढरी रेघ उमटते. क्रेन चालवणाऱ्या मेहुण्याला सर्दी झाली होती. त्याच्या प्रत्येक शिंकेला पाळणा हिंदकळायचा.

तुळया ठणठणीत निघाल्या. मग दाजींनी सहज डोक्यावरच्या हुकावर दिवा धरला, आणि हुकाच्या मानेत आडवी पांढरी रेघ उमटली.

"काय दाजी, बोललं का लोखंड?" मेहुणा केबिनमधून ओरडला.



"हळूच खाली घे रे राजा. आणि तेवढी शिंक आवर."