जाळीमागची टोपी

ओरिस्याने पाळण्याजवळची खिडकी चार बोटं उघडली आणि बाहेरची उणे तीसची हवा आत घुसली. तिची तान्ही लेक दारका नुसत्या लंगोटात झोपली होती, तरी तिच्या मानेवर घामोळं आलं होतं. कॅनडातल्या विनिपेगच्या भर जानेवारीत घामोळं! कुणाला सांगितलं तर हसतील.

लुबो जिना चढून आला. हातात फोन, चेहरा ओढलेला.

"सेल्कर्कच्या वृद्धाश्रमातून आत्ता फोन येईल. टाटोंसाठी खोली धरायची की सोडायची, विचारतील. मी धरा म्हणणार आहे."

"टाटोंना विचारलंस?"

"विचारलं. 'मला काय धाड भरलीय' म्हणाले, मग म्हणाले 'पाठवतोस तर जातो.' ओठ निळे पडलेत त्यांचे. तळघर तापावं म्हणून मी घर तापवायची भट्टी वाढवतो, तर वर आपण भाजून निघतो आणि खाली ढिम्म. त्यांच्या खोलीच्या छतातल्या जाळीतून गरम वाराच येत नाही. छतातला पाइप कुठेतरी बुजलाय. मिस्त्री वसंत ऋतूशिवाय मिळायचा नाही, आणि तोवर म्हातारा खाली गोठून मरेल."

"म्हातारा काय म्हणतोस? बाप आहे तुझा."

"म्हणून तर म्हणतोय!"

ओरिस्याला संताप आला होता. वरची ही खोली सासऱ्यांची. पाळणा घरात आला त्या दिवशी त्यांनी आपली खाट आपणच खाली नेली होती, आणि आता त्यांना घरातूनच जावं लागणार होतं. ती ताडताड तळघरात उतरली.

सासरे, फेदिर, दोन स्वेटर घालून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन खाटेवर बसले होते. डोकं उघडं.

"टाटो, तुमची लोकरीची टोपी कुठाय?"

"असेल कुठेतरी. बाळ निजलं?"

ओरिस्याने खुर्ची ओढून छतातल्या जाळीखाली ठेवली आणि वर चढली. मघापासून शांत बसलेले फेदिर ताडकन उठले.

"उतर खाली. काही नाही तिथे."

"बघू तर द्या मला."

"लुबोने बघितलंय. उतर म्हणतो ना! पडलीस तर लेकराकडे कोण बघेल?"

त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. आजवर त्यांनी सुनेवर आवाज चढवला नव्हता. ओरिस्याने खाली पाहिलं, मग जाळीकडे. स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत होते. जाळी हातात आली, तिच्यामागून नीट मापात कापलेला पुठ्ठा निघाला आणि पुठ्ठ्यामागून कोंबलेली लोकरीची टोपी. भसकन गरम वारा तिच्या तोंडावर आला.

ती हळूहळू खाली उतरली.

"टाटो, हे तुम्ही केलंत?"

फेदिर खाटेवर बसले. चोरी पकडली गेल्यासारखे ते जमिनीकडे बघत होते.

"शेतावर थंडीत आई खालच्या खोल्या बंदच करायची. भट्टी एकच. तिची ऊब लेकरू निजतं तिकडे पाठवायची. माझं काय, मी गोठ्यात झोपून वाढलोय."

"आणि आश्रमात जायला निघाला होतात? तोंडातून एक शब्द न काढता?"

"मी गेलो की लुबो ही खोली बंद करेल. मग सगळी ऊब वर जाईल."

ओरिस्याला रडू फुटलं, आणि त्याहून जास्त राग आला. टोपी त्यांच्या हातात कोंबून, एका हातात पुठ्ठा घेऊन तिने दुसऱ्याने त्यांचा दंड धरला. "चला. दाखवते तुम्हाला तुमची ऊब."

जिन्यावर ते दोनदा थांबले. वरच्या खोलीच्या दारात आले आणि तिथेच उभे राहिले. पाळण्यात नात जवळजवळ उघडी, घामेजलेली. शेजारी उघडी खिडकी. चौकटीवर बर्फाचा भुगा साचलेला, आणि त्यावरून घरातली गरम हवा वाफ होऊन बाहेर चाललेली.

"वा," ते म्हणाले. "अख्खी गल्ली शेकत ठेवलीय."

तेवढ्यात फोन वाजला. लुबोने बायकोच्या हातातला पुठ्ठा पाहिला, बापाच्या हातातली टोपी पाहिली. फोन वाजतच राहिला. शेवटी त्याने तो कानाला लावला.

"हो, मीच. नाही, खोली दुसऱ्या कुणाला द्या." तो क्षणभर ऐकत राहिला. "दुरुस्ती? नाही हो. घरात काही बिघडलंच नव्हतं."

फेदिरनी खिडकी ओढून लावली. मग दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर घातली आणि कानांपर्यंत खाली ओढली.

"अजून गरम आहे की," ते म्हणाले.