नात्याचा रकाना

व्हिसा केंद्राची खिडकी बाराला बंद व्हायची; वीस मिनिटं उरली होती आणि पश्चिम आफ्रिकेतून यायचं आमंत्रणपत्र अजून आलं नव्हतं. "पत्राशिवाय पर्यटन व्हिसा होत नाही, काका. बाकी सगळं आहे तुमचं," खिडकीतली तरुणी म्हणाली. काका, म्हणजे निवृत्त हेडक्लार्क, लसीचं पिवळं कार्ड उगाच पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मुलाला दारात उभं करून सुनावलं होतं, "आजपासून तू माझा कोणी नाहीस." तो जो तिकडे गेला, तो गेलाच. आता पत्र पाठव म्हणून त्याला कळवलं होतं, तेही लेकीने. तो कशाला पाठवतोय? बाराला पाच कमी असताना खिडकीमागचा प्रिंटर कुरकुरला; ईमेलने पत्र आलं होतं. तरुणीने कागद त्यांच्या फॉर्मशेजारी ठेवला आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "बोलावणाऱ्याशी नातं काय, तिथे तुम्ही 'परिचित' लिहिलंय. पत्रात त्यांनी 'वडील' लिहिलंय. दोन्हीकडे एकच हवं, नाहीतर अर्ज परत येतो. यातलं खरं कोणतं?" त्यांनी पत्र डोळ्यांजवळ नेलं. सही अजून तशीच होती, लहानपणी त्यांनीच गिरवून घेतलेल्या वळणाची. "खोडून वर लिहा, चालेल," ती म्हणाली. सबंध नोकरीत त्यांनी खाडाखोडीचा एकही अर्ज पुढे जाऊ दिला नव्हता. "कोरा फॉर्म द्या." "काका, चार पानं आहेत. वेळ नाही," कोरा फॉर्म पुढे सरकवत ती म्हणाली. पण त्यांनी लिहायला सुरुवातही केली होती, नात्याच्या रकान्यापासून.