आम्ही की आपण?

शेवटचा खेळाडू बाद झाला आणि आयर्लंडमधल्या कासलबारच्या बेसबॉल संघाने पुन्हा एकदा सपाटून मार खाल्ला. चंद्रहासला हायसंच वाटलं. आता त्याचं म्हणणं पटवणं सोपं जाणार होतं.

संघाचा जमाखर्च तो नोकरी सांभाळून बघायचा. थोड्याच वेळात बैठक होती आणि त्याचा सल्ला तयार होता : संघ डब्लिनकडे, सिटीवेस्टला हलवावा. तिथला एक प्रायोजक मैदान द्यायला तयार होता.

"पण हलवायचा कशाला रे, चंद्रू?" आईने विचारलं. विजयालक्ष्मीबाई सांगलीच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, उन्हाळ्यापुरत्या मुलाकडे आलेल्या. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एक सामना चुकवला नव्हता.

"आई, जत्रा मोठी तर भेळवाल्याचा गल्ला मोठा. हे गाव केवढंसं! येऊन येऊन येतात ती तीच माणसं."

"हरल्यावरही तीच?"

"तीच गं. पुढच्या वर्षीचे पाससुद्धा घेऊन बसलीत."

तेवढ्यात फाटकावर तिकिटं देणारी नोरीन चहा घेऊन आली. आईच्या हातात कप देत हसून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, आम्ही पुन्हा हरलो. पण ग्रँड, म्हणजे चालायचंच, पुढच्या रविवारी बघू."

आईमधली मास्तरीण जागी झाली. "'आम्ही' म्हणाली, की 'आपण'?"

"इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, आई."

"मग विचार तिला. 'आम्ही'त समोरचा माणूस नसतो."

चंद्रहासने ओशाळत विचारलं. नोरीन त्याच्याकडे बघतच राहिली.

"कोण म्हणजे? मी, तू, तुझी आई! नाहीतर काय, शेजारचं गाव हरलं? चहा घे, गार होतोय."

तो कप हातात धरून उभा राहिला. सिटीवेस्टला माणसं भरपूर होती, हे खरंच. जिंकल्यावर ती आलीही असती. पण हरलेला सामना आपला म्हणायला कोण आलं असतं?

बैठक आटोपून तो बाहेर आला, तेव्हा भुरभुर पावसात आई नोरीनच्या छत्रीखाली उभी होती.

"काय ठरलं रे त्यांचं?"

"त्यांचं नाही, आई. आपलं," चंद्रहास म्हणाला. "पुढच्या वर्षीही आपण इथेच हरणार."