आडवी नळी

बेशुद्ध माश्या नळीत सोडून यामिनीने नळी टेबलावर आडवी ठेवली. उभी ठेवली असती, तर तळाच्या ओल्या खाद्याला पंख चिकटून माश्या तिथंच मेल्या असत्या. या जातीच्या एवढ्याच उरल्या होत्या.

कोषात डोळा घडताना पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन यांच्यात नव्हतं. म्हणून डोळ्यावरचे स्पर्श जाणणारे केस ओळ सोडून भलतीकडेच उगवले होते. एवढं दाखवण्यात यामिनीची सहा वर्षं गेली होती.

"झकास!" सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढत तिचे मार्गदर्शक लोहोकरे सर म्हणाले. "आता पुढच्या पिढीतही बघून टाकू. मग प्रबंध."

सरांचं हे 'मग' ती दरवर्षी ऐकत होती. अकोल्याच्या कॉलेजात तिला देऊ केलेली नोकरी काही माश्यांच्या पुढच्या पिढीसाठी थांबणार नव्हती.

बोलता बोलता सरांनी टेबल आवरलं आणि आडवी नळी उचलून नीट उभी करून ठेवली. माश्यांना हात लावून त्यांना किती वर्षं झाली होती, कोण जाणे! यामिनी बघत राहिली. नुसतं गप्प बसायचं होतं. माश्या मेल्या की प्रयोग संपला. सरांना प्रबंधावर सही करावीच लागली असती.

खाद्यावर पडलेली एक माशी पाय झाडू लागली. यामिनीचा हात आपसूक पुढे गेला. नळी आडवी करून तिने हलकेच टिचकी मारली.

"अरेच्चा, विसरलोच की!" सर खूश होऊन हसले. "असे हात मी इतक्यात सोडीन होय!"

नळीत माश्या एकेक करून जाग्या झाल्या, काचेवरून चालत तोंडाशी बसवलेल्या कापसाच्या बोळ्यापाशी पोचल्या आणि तिथंच घुटमळत राहिल्या.