पुसलेलं नाव

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे कागदावर आहे. आसपासच्या गावांत चोरून दारू कोण विकतो, ती नावं महिला मंडळाची रीता मोबाइलमध्ये लिहून ठेवायची आणि घरी आली की केबल लावून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची. मेल नाही, पेन ड्राइव्ह नाही. यादी बाहेर फुटली की माणसं सावध होतात. उद्या ती छापून ठाण्यात द्यायची होती.

आज केबल लावताच स्क्रीनवर प्रश्न आला: दोन्हीकडचा मजकूर वेगळा आहे. मोबाइलमधला ठेवायचा की कॉम्प्युटरमधला?

कॉम्प्युटरमधलं एक नाव कोणीतरी पुसलं होतं. त्या कॉम्प्युटरला हात लावणारं घरात दुसरं एकच माणूस, तिचा नवरा स्वप्निल.

"अजी, कोन्त्या दोस्ताले वाचवून राह्यले तुमी?"

"दोस्ताले नाई, तुले. मामाजीचं नाव हाय ते, तुह्या बापाचं. कोन्तं तोंड घेऊन माहेरी जाशीन?"

रीताने 'मोबाइल'वर क्लिक केलं.

"नाव मीच लिवलं नं? मंग लिवतानी मले माहीत नोतं का, तो कोनाचा बाप हाय?"